प्रकाशाची वसुली

साचलेल्या डबक्याच्या तळाशी, कुजलेल्या पाल्याखाली, जेथे प्राणवायू पोचत नाही आणि पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, तेथे कधी कधी गुलाबी, तांबूस किंवा जांभळट रंगाचा एक पातळ थर धरलेला दिसतो. पाहणारा नाक मुरडून पुढे जातो, आणि त्यात त्याचा काही दोष आहे असेही नाही. परंतु तो थर म्हणजे प्रकाशावर जगणाऱ्या जीवाणूंची वस्ती असू शकते. वनस्पतींप्रमाणेच हे जीवाणू उजेडाच्या बळावर आपला देह बांधतात. मात्र वनस्पती प्राणवायू सोडतात, हे सोडत नाहीत. या एका फरकामुळे शास्त्राच्या दरबारात त्यांना बराच काळ मागच्या रांगेत बसावे लागले. अपवाद म्हणून त्यांची नोंद होई आणि विद्वान मंडळी पुन्हा हिरव्या पानाकडे वळत. असे असूनही, सजीव प्रकाश कसा पकडतो आणि पकडलेला प्रकाश कामाच्या ठिकाणी कसा पोचवितो, या प्रश्नाची अत्यंत निर्णायक उत्तरे याच उपेक्षितांकडून मिळाली. ती कशी मिळाली, आणि ती मिळविताना थोर माणसांनीही निरीक्षण कोठे संपते व अनुमान कोठे सुरू होते याची गल्लत कशी केली, तो इतिहास येथे सांगावयाचा आहे. प्रस्तुत वक्त्याचे आयुष्य प्रयोगशाळेत नव्हे, महसुलाच्या कागदपत्रांत गेले आहे; तेव्हा काही उपमा कचेरीतल्या आल्या तर ऐकणाऱ्यांनी त्या चालवून घ्याव्यात.

कथेचा आरंभ हॉलंडमधील युट्रेक्ट या विद्यापीठाच्या गावी होतो. तेथे थिओडोर एंगेलमान हे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ काम करीत असत. गृहस्थ संगीताचे मोठे रसिक. विख्यात संगीतकार ब्राम्स यांच्याशी त्यांचा स्नेह होता, आणि ब्राम्स यांनी १८७६ साली प्रसिद्ध झालेली आपली एक तंतुवाद्य-रचना त्यांनाच अर्पण केली आहे. या एंगेलमान यांनी १८८२ च्या सुमारास एक विलक्षण सुंदर प्रयोग केला. सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाचा एक हिरवा धागा ठेवून त्यावर त्यांनी लोलकातून निघालेला चिमुकला वर्णपट पाडला, आणि भोवतालच्या पाण्यात प्राणवायूकडे धाव घेणारे जीवाणू सोडले. धाग्याच्या ज्या भागावर तांबडा आणि निळा प्रकाश पडला होता तेथे जीवाणूंची दाटी झाली. हिरव्या प्रकाशात ते विरळ राहिले. प्राणवायू कोणत्या रंगात अधिक निघतो, हे त्यांनी कोणत्याही मापकयंत्रावाचून जिवंत जीवांकडूनच वदवून घेतले.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८८३ साली, त्यांनी एका जांभळ्या जीवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. हा जीवाणू पोहता पोहता उजेडातून अंधारात शिरला की एकदम दचकतो आणि उलट दिशेने मागे फिरतो. त्यामुळे उजेडाचा तुकडा त्याच्या दृष्टीने पिंजरा ठरतो. आत येता येते, बाहेर पडता येत नाही. एंगेलमान यांनी या जीवाणूंवरही वर्णपट पाडला. पिवळ्या-नारिंगी आणि हिरव्या पट्ट्यांत काही जीवाणू जमले. परंतु सर्वांत मोठी गर्दी झाली ती तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जेथे माणसाच्या डोळ्याला केवळ काळोख दिसतो तेथे. आजच्या मापाने सांगावयाचे तर ती जागा ८५० नॅनोमीटरच्या आसपासची, म्हणजे अवरक्त किरणांची. पाहणाऱ्याला जेथे काहीच दिसत नव्हते तेथे जीवाणूंना भरपूर उजेड होता! ज्या रंगांत गर्दी झाली नेमके तेच रंग या जीवाणूंचा देह शोषून घेतो, हेही एंगेलमान यांनी दाखविले.

येथवर सारे निर्दोष होते. परंतु प्रकाश शोषून जगणारा जीव प्राणवायू सोडणारच, अशी त्यांची खात्री होती, आणि १८८८ साली त्यांनी तसे प्रतिपादनही केले. निरीक्षण आजतागायत टिकून आहे. अनुमान मात्र पुढे टिकले नाही.

ते अनुमान खोडून काढण्याचे श्रेय मुख्यतः हान्स मोलिश यांचे. १९०७ साली जांभळ्या जीवाणूंवर त्यांनी एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. किती बारकाईने शोधले तरी हे जीवाणू प्राणवायू सोडताना आढळत नाहीत, असे त्यांनी नोंदविले, आणि त्यांच्या जांभळ्या रंगात वस्तुतः दोन रंगद्रव्ये मिसळलेली आहेत, एक हिरवे व एक तांबडे, हेही दाखवून दिले. हिरवे ते पानातील हरितद्रव्याचे भावंड. आज त्याला जीवाणू-हरितद्रव्य म्हणता येईल. तांबडी ती कॅरोटिनॉइडे, गाजराला व टोमॅटोला रंग देणाऱ्या कुळातली. या मोलिश यांचा आपल्या देशाशीही संबंध आला. जगदीशचंद्र बोस यांचे पाहुणे म्हणून ते कलकत्त्याच्या बोस संशोधन मंदिरात येऊन राहिले होते, आणि भारतातील वास्तव्यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९३० साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले. स्वतः बोस यांचा प्रकाशसंश्लेषणाच्या क्रियेवरील ग्रंथ १९२४ चा. तेव्हा यजमान व पाहुणा यांच्यात बोलण्याला विषय अपुरा पडला नसावा.

मग हे जीवाणू करतात तरी काय? याचा उलगडा व्हान नील या डच शास्त्रज्ञाने केला. हार्लेम गावी जन्मलेले आणि डेल्फ्ट येथे शिकलेले व्हान नील १९२९ पासून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील हॉपकिन्स सागरी केंद्रात काम करू लागले. गंधकाच्या संगतीत राहणारे जीवाणू त्यांनी शुद्ध स्वरूपात वाढविले आणि काय आत जाते व काय बाहेर पडते याचा पैन् पैचा ताळेबंद मांडला. जीवाणू हायड्रोजन सल्फाइड घेतात आणि गंधक मागे टाकतात. वनस्पती पाणी घेतात आणि प्राणवायू मागे टाकतात. दोन्ही ताळेबंद शेजारी शेजारी ठेवले की एकाच नमुन्याचे दिसतात. यावरून १९३१ साली व्हान नील यांनी असे सुचविले की वनस्पती जो प्राणवायू सोडतात तो कार्बन डायॉक्साइडमधून नव्हे, पाण्यातून येत असला पाहिजे. तोपर्यंतचे प्रचलित मत याच्या उलट होते. १९४१ साली रूबेन, केमेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जड प्राणवायू वापरून केलेल्या प्रयोगांनी व्हान नील यांच्या बाजूने कौल दिला. डबक्याच्या तळाशी राहणाऱ्यांनी झाडांविषयीची ही साक्ष दिली होती. अर्थात व्हान नील यांचेही पुढचे पाऊल घसरले. जीवाणूंतसुद्धा प्रकाश आधी पाणीच फोडतो अशी कल्पना त्यांनी नंतर मांडली, आणि ती सोडून द्यावी लागली.

आता खऱ्या विषयाकडे वळू. १९३२ साली कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे रॉबर्ट इमर्सन आणि त्यांचा तरुण विद्यार्थी विल्यम आर्नोल्ड यांनी क्लोरेला या हिरव्या शेवाळावर प्रकाशाचे अत्यंत क्षणिक लखलखाट पाडले आणि प्रत्येक लखलखाटामागे किती प्राणवायू निघतो ते मोजले. प्रकाश कितीही प्रखर केला तरी सुमारे २,५०० हरितद्रव्य-रेणूंमागे प्राणवायूचा एकच रेणू निघाला. हे मोठे कोडे होते. प्रत्येक रेणू स्वतंत्रपणे काम करीत असेल तर इतके थोडे उत्पन्न का? बाकीचे रेणू रिकामटेकडे बसून असतात काय? १९३६ साली गाफ्रोन आणि वोल यांनी उत्तर सुचविले. मंद प्रकाशातही प्राणवायू लगेच निघू लागतो. एकट्या रेणूला लागणारे प्रकाशकण त्यानेच जमवावयाचे तर त्याला फार वाट पाहावी लागली असती. त्या अर्थी शेकडो-हजारो रेणू मिळून प्रकाश जमवीत असले पाहिजेत आणि तो एका ठिकाणी पोचवीत असले पाहिजेत.

महसूल खात्यातल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. गावोगावचे तलाठी वसुली करतात. परंतु कोणताही तलाठी तिजोरी बाळगून बसत नाही. भरणा तालुक्याच्या खजिन्यात होतो आणि पावती तेथेच फुटते. खजिने थोडे, तलाठी पुष्कळ. हरितद्रव्याचे बहुसंख्य रेणू हे असे वसुली करणारे; प्रकाशाचे रासायनिक शक्तीत रूपांतर करणारी खजिन्याची जागा अगदी मोजकी. आज तिला विक्रियाकेंद्र म्हणतात. उपमेत एक उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. वसुलीचा पैसा आठवडाभर पेटीत राहिला तरी नाहीसा होत नाही. रेणूने शोषलेली शक्ती मात्र सेकंदाच्या सुमारे एक अब्जांश भागात उष्णतेच्या किंवा मंद प्रकाशाच्या रूपाने निसटून जाते. भरणा त्याच्या आत झाला पाहिजे.

ही कल्पना सर्वांना पटली असे नव्हे. १९३८ साली जेम्स फ्रँक व एडवर्ड टेलर या पदार्थवैज्ञानिकांनी गणित करून दाखविले की रेणूंच्या एवढ्या मोठ्या समूहातून शक्तीचे असे फिरणे संभवनीय दिसत नाही. उलट बाजूने, विल्यम आर्नोल्ड यांनी रॉबर्ट ओपेनहायमर यांना या प्रश्नात ओढले, आणि शक्ती एका रेणूतून दुसऱ्यात प्रकाश बाहेर न टाकताच कशी उडी घेऊ शकते याचे विवेचन त्या दोघांनी १९५० साली प्रसिद्ध केले. मधल्या काळात, १९४६ ते १९४८ मध्ये, जर्मनीत थिओडोर फ्योर्स्टर यांनी या उडीचे सविस्तर गणित मांडले होते. टेलर आणि ओपेनहायमर यांची नावे जगाला अन्य कारणांनी परिचित आहेत, आणि १९५४ च्या चौकशीत एकाने दुसऱ्याविरुद्ध साक्ष दिली हेही सर्वश्रुत आहे. त्याआधी एका निरुपद्रवी हिरव्या प्रश्नावर ते परस्परविरुद्ध बाजूंना उभे होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

वादाचा निकाल पुन्हा जांभळ्या जीवाणूंनीच दिला, आणि तोही युट्रेक्टमध्ये. १९३९ साली वासिंक, काट्स व डोरेस्टाइन या डच संशोधकांनी या जीवाणूंचे अवरक्त शोषण काळजीपूर्वक मोजले होते. त्यांत एक चमत्कारिक गोष्ट होती. जीवाणू-हरितद्रव्य मद्यार्कासारख्या द्रवात विरघळविले की ते ७७० नॅनोमीटरच्या जवळ एकच शोषणपट्टा दाखविते. जिवंत जीवाणूत मात्र तेच द्रव्य ८००, ८५० आणि ८७५ ते ८९० अशा निरनिराळ्या ठिकाणी शोषण करते. रेणू एकच, रंग तीन! कारण जिवंत पेशीत ते द्रव्य मोकळे नसते; निरनिराळ्या प्रथिनांत निरनिराळ्या रीतीने बसविलेले असते, आणि बैठक बदलली की रंग बदलतो. एंगेलमान यांच्या काचपट्टीवर काळोखात जी गर्दी झाली होती, तिचे मूळ या प्रथिनांत होते.

लुई डॉयसेन्स यांचा १९५२ चा युट्रेक्ट विद्यापीठातील प्रबंध माझ्या मते या साऱ्या कथेचा कणा आहे. त्यांची युक्ती साधी होती. शक्ती शोषलेला रेणू ती खर्च करू शकला नाही तर स्वतःच्या विशिष्ट रंगात मंदपणे चमकतो. या चमकेला प्रतिदीप्ती म्हणतात. डॉयसेन्स यांनी केवळ कॅरोटिनॉइडे शोषतील असा प्रकाश टाकला, आणि चमकले ते जीवाणू-हरितद्रव्य. ८०० च्या गटाला प्रकाश दिला, आणि चमक दिसली ८९० च्या गटाची. म्हणजे एकाने घेतले ते दुसऱ्याच्या हाती गेले. कॅरोटिनॉइडांकडून होणाऱ्या भरण्यात बरीच गळती होती. परंतु ८०० कडून ८५० कडे आणि तेथून ८९० कडे जाताना जवळजवळ काहीच गळत नव्हते. शिवाय प्रकाश पडला असता ८९० जवळचे शोषण किंचित घटते, असे त्यांना दिसले. ही अल्पशी घट म्हणजे प्रत्यक्ष खजिन्याचा पहिला माग होता. बहुसंख्य रेणू वसुलीचे आणि मूठभर रेणू रूपांतराचे, ही गोष्ट येथून पुढे अनुमान राहिली नाही.

पुढचा प्रश्न असा की ही प्रथिने दिसतात कशी? दिसण्यासाठी त्यांचे स्फटिक करून क्ष-किरणांखाली ठेवावे लागतात, आणि पेशीच्या स्निग्ध पटलात रुतून बसलेली प्रथिने स्फटिक होण्यास सहसा तयार नसतात. सुदैवाने हिरव्या गंधक-जीवाणूंत एक प्रकाशवाहक प्रथिन पाण्यात विरघळणारे निघाले. जॉन ओल्सन यांनी ते १९६२ साली शोधले, आणि १९७५ साली फेना व मॅथ्यूज यांनी त्याची रचना उलगडली. एका प्रथिनाच्या पिशवीत सात हरितद्रव्य-रेणू. आठवा असल्याचे पुष्कळ नंतर कळले. हरितद्रव्य धारण करणारे प्रथिन माणसाने अणूंच्या पातळीवर पाहिले ते हे पहिले. मग जर्मनीत हार्टमुट मिखेल यांनी साबणासारख्या द्रव्यांच्या साहाय्याने जांभळ्या जीवाणूच्या विक्रियाकेंद्राचे स्फटिक केले. डायझेनहोफर व हुबर यांच्यासह त्याची रचना १९८५ च्या सुमारास सिद्ध झाली, आणि तिघांना १९८८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

खजिना सापडला, तलाठी राहिले होते. १९९५ साली ग्लासगो येथील रिचर्ड कॉग्डेल, नील आयझॅक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जांभळ्या जीवाणूच्या प्रकाशग्राही प्रथिनाचे चित्र प्रसिद्ध केले. ते पाहून शास्त्रज्ञांनाही सौंदर्याचा मोह आवरला नाही. ते चित्र एका कड्याचे आहे, बाहेरून बाहेर जेमतेम सात नॅनोमीटर व्यासाचे. प्रथिनांच्या नऊ जोड्या वर्तुळात उभ्या आहेत. प्रत्येक जोडीतील एक घटक आत, एक बाहेर. या दोन भिंतींच्या मधल्या बोळात जीवाणू-हरितद्रव्याचे १८ रेणू पुस्तकाच्या उभ्या पानांसारखे एकमेकांना भिडून बसले आहेत. हाच ८५० चा गट. त्यांच्यापासून काहीसे दूर, बाहेरच्या भिंतीच्या फटींत, ९ रेणू आडवे निजले आहेत. हा ८०० चा गट. कॅरोटिनॉइडे या सर्वांच्या मधून ओवलेली आहेत. रेणू इतके जवळ का बसतात, हे रंगावरून कळते. दाटीमुळे ते एकेकटे न राहता समूहाने वागतात आणि त्यांचे शोषण अधिक अवरक्ताकडे सरकते. वरच्या पाण्यातले शेवाळ तांबडा व निळा प्रकाश आधीच खाऊन टाकते. खाली राहणाऱ्याने उरल्यासुरल्या प्रकाशाची सोय अशी लावली आहे.

लगेच पुढच्या वर्षी मिखेल यांच्याच गटाने दुसऱ्या एका जीवाणूचे कडे उलगडले. त्यात जोड्या नऊ नव्हे, आठ निघाल्या. त्या जीवाणूच्या शास्त्रीय नावात मोलिश यांचे नाव आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे.

या कड्यांहून मोठे असे एक कडे प्रत्येक विक्रियाकेंद्राभोवती असते. त्याचा शोषणपट्टा ८७५ च्या जवळचा. वसुलीचा प्रवास ८०० कडून ८५० कडे, तेथून ८७५ कडे, आणि अखेर केंद्राकडे होतो. पहिली उडी सेकंदाच्या दशलक्षांशाचा जो दशलक्षांश, त्या सुमाराच्या वेळात पुरी होते. दुसरीला त्याच्या तिप्पट ते पाचपट वेळ लागतो. शेवटची उडी सर्वांत संथ असते, कारण कडे केंद्राला चिकटलेले नसून त्याच्यापासून अंतर राखून असते. तरी तीही पन्नास-एक दशलक्षांशांच्या दशलक्षांशांत होऊन जाते. निसटण्याची मुदत याच मापाने हजाराच्या घरात आहे. एवढा मोठा अवधी हाताशी असताना गळती होणार तरी कशी? २००४ साली अतिसूक्ष्म सुई फिरवून प्रत्यक्ष पटलाचे चित्र घेण्यात आले. त्यात लहानमोठी कडी शेजारी शेजारी लागलेली दिसली.

यानंतरचे एक प्रकरण बोधप्रद आहे. २००७ साली बर्कली येथील संशोधकांनी फेना व मॅथ्यूज यांच्या त्याच प्रथिनावर, अतिथंड अवस्थेत, अत्यंत क्षणिक प्रकाशस्पंद टाकले. शक्तीच्या हालचालीत त्यांना दीर्घकाळ टिकणारी आंदोलने दिसली. जीवाणू पुंजयामिकीच्या लाटेवर स्वार होऊन एकाच वेळी सर्व वाटा चाचपून पाहतो आणि सर्वांत सोयीची निवडतो, असा अर्थ लावण्यात आला. वृत्तपत्रांना तर जणू डबक्यात गणकयंत्रच सापडले. पुढे अधिक प्रयोग झाले, आणि २०२० पर्यंत बहुतेक तज्ज्ञांचे मत असे बनले की ती दीर्घ आंदोलने मुख्यतः रेणूंच्या कंपनांची होती. शक्तीच्या वहनाला त्यांचा तसा उपयोग नाही. आंदोलने खरी होती, अर्थ उतावळा होता. एंगेलमान यांचे जे झाले तेच येथेही झाले. फरक इतकाच की १८८८ चे अनुमान खोडायला दोन दशके लागली, आणि या वेळी त्याहून थोडी कमी पुरली.

अलीकडची एक हकीगत सांगून थांबतो. अमेरिकेतील यलोस्टोनच्या उन्हाळ्यांत, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांत, एक जांभळा जीवाणू सापडला आहे. त्याच्या केंद्राभोवतालचे कडे ८७५ वर नव्हे, ९१५ वर शोषण करते. हे इतके अवरक्ताकडे कसे सरकले? २०१८ साली या कड्याची व त्यातील केंद्राची रचना अतिशय स्पष्टपणे उलगडली, तेव्हा कड्यातील सोळा जोड्यांच्या जवळ कॅल्शियमचे सोळा अणू नेमून दिल्यासारखे बसलेले आढळले. हे कॅल्शियम काढून घेतले की शोषण ९१५ वरून ८८० वर येते. परत दिले की पुन्हा ९१५ वर जाते.